नांगर खाली का येतो?

मे महिन्यात निपाणीजवळच्या गावी गेलो, तेव्हा बाबा जुना ट्रॅक्टर विकायचं बोलत होते. सकाळी नांगर झटक्यात उचलायचा. तासाभरानं तेल तापलं की लिफ्ट हात टेकायची. मेकॅनिकनं पंपच बदलायला सांगितलेला.

माझं रोजचं काम प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं. म्हटलं, आधी तेल बघू. पातळी बरोबर होती, पण रंग ताकासारखा, म्हणजे आत पाणी गेलेलं. तेल बदललं, गाळणी धुतली. थोडाच फरक पडला.

मग तापलेल्या ट्रॅक्टरचा नांगर उचलून इंजिन बंद केलं. (अशा वेळी नांगराखाली हातसुद्धा घालू नये.) बाबांनी बाजूला काठी रोवून खूण केली. पाच मिनिटांत नांगर खुणेच्या वीतभर खाली! पंप तर बंद. म्हणजे दाबातलं तेल सिलिंडर नाहीतर व्हॉल्व्हमधून निसटत होतं.

लिफ्टचं झाकण उचलायला शेजारचे दोघं लागले. पिस्टनची रबरी रिंग वाळून चिरली होती. एवढीशी!

नवी रिंग बसवली, ट्रॅक्टर तापवला, पुन्हा नांगर उचलला. बाबा चहा न घेता काठीपाशीच बसून राहिले. चहा निवला, नांगर खुणेवरच. ‘‘पेरणीला येशील ना?’’ त्यांनी विचारलं.