किनारा कुणी द्यायचा?

२०१५ च्या एप्रिलमध्ये आमचं मालवाहू जहाज सुएझ ओलांडून जिब्राल्टरकडे निघालं होतं. मी सेकंड ऑफिसर. माल्टा जवळ येत असतानाच रोमच्या बचाव केंद्राचा निरोप आला: लिबियाहून निघालेल्या रबरी होडीत पाणी शिरतंय, तुम्हीच सगळ्यांत जवळ आहात. कॅप्टनसाहेबांनी लगेच जहाज वळवलं. समुद्रात संकटात सापडलेल्याला वाचवणं ‘सोलास’ करारानं कॅप्टनला बंधनकारक केलंय. तो कुठला, त्याच्याकडे कागदपत्रं आहेत का, हे विचारायचं नसतं.

होडी जहाजाच्या आडोशाला घेतली, पायलट शिडी सोडली. आमचा दाभोळचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, कमरेला दोर बांधून शेवटच्या पायरीपर्यंत उतरला आणि एकेकाला वर देत राहिला. बायकांच्या मांड्यांची कातडी सोलवटली होती. होडीत सांडलेलं पेट्रोल खाऱ्या पाण्यात मिसळतं नि त्यात तासन्‌तास बसलं की असं भाजतं. पुरुष कडेला बसतात, बायका-पोरं मध्ये. म्हणून हे भोग त्यांच्याच वाट्याला. कुकनं मोठ्या पातेल्यात डाळ-भात शिजवला, पण आधी सगळ्यांनी पाणीच मागितलं.

आम्हाला सिसिलीतलं ऑगस्टा बंदर मिळालं. धक्क्यावर पांढऱ्या सूटमधले डॉक्टर, मनगटांवर नंबरांच्या पट्ट्या. पोलिसांनी आम्हाला सगळ्यांत आधी विचारलं, होडी कोण चालवत होतं? आमच्या लॉगबुकात वाचवलेल्या माणसांची नोंद होती. त्यांना हवा होता तस्कर.

तरी आमचं नशीब बरं. २००१ मध्ये नॉर्वेच्या ‘टॅम्पा’ जहाजानं चारशेवर लोक वाचवले, तर ऑस्ट्रेलियानं जहाजावर कमांडो चढवले आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नाउरूला धाडलं. २०२० मध्ये ‘मर्स्क एटिएन’ टँकरनं माल्टाच्याच सांगण्यावरून २७ जणांना वर घेतलं. मग महिनाभराहून अधिक काळ त्यांना कुणी उतरूच दिलं नाही. इटलीनं ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू केलेली ‘मारे नोस्त्रुम’ बचाव मोहीम तर वर्षभरात गुंडाळली गेली. वाचवायला कुणीतरी आहे म्हटल्यावर आणखी लोक निघतात, असा सूर तेव्हा युरोपातल्या सरकारी वर्तुळात होता.

करार वाचवायला सांगतात, सुरक्षित जागी उतरवायलाही सांगतात. पण नकार देणाऱ्या देशाचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. भुर्दंड पडतो तो जहाजाला. अशानं व्हीएचएफ रेडिओवर हाक आली की पुढच्या कॅप्टनला आधी जहाज भाड्यानं घेणारा चार्टरर आठवेल, याची मला धास्ती वाटते.