हिशेबी जीव

पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला, टेंभुर्णीसारख्या गावात राहून सावकाशीचं कौतुक करणं म्हणजे जरा आगाऊपणाच. इथं ज्याला त्याला पुढं जायचं असतं. गळीत हंगामात तर उसाच्या ट्रॉल्यांनाही दम नसतो. तरी मला भारी कौतुक आहे ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात फांदीला उलटं लटकून राहणाऱ्या स्लॉथचं.

लोक त्याला आळशी म्हणतात. मला तो पक्का हिशेबी वाटतो. झाडपाल्यात सत्त्व ते किती! मिळकतच तुटपुंजी, म्हणून त्यानं खर्च आवरला. खाल्लेला पाला पचायला आठवडे लागले तरी त्याची तक्रार नाही. अंग सदा एकसारखं ऊबदार ठेवण्याची चैनही तो करत नाही. ऊन मिळालं की शेकून घेतो. केसांची ठेवण पोटाकडून पाठीकडं, म्हणजे उलट्या अंगावरून पाऊस आपसूक ओघळतो. त्या केसांत वाढलेलं शेवाळ त्याला पानांत लपवतं. देहधर्मासाठी आठवड्यातून एखादेवेळीच स्वारी खाली उतरते. जिराफाचं मानेतल्या सात मणक्यांत भागतं, त्रिनखी स्लॉथला मात्र आठ-नऊ लागतात. ही उधळपट्टी नव्हे. नुसती मान वळवली की अंग हलवायला नको!

जंगलातून विजेच्या तारा गेल्या आणि हा हिशेब चुकला. फांदी समजून तार धरली की संपलं. कोस्टा रिकात काहुइताजवळ 1992 साली अरोयो कुटुंबाकडं एक पोरकं पिल्लू आलं. त्याचं नाव बटरकप. तिथूनच पुढं जखमी-पोरक्या स्लॉथांचं आश्रयस्थान उभं राहिलं. अशा पिल्लांना आईऐवजी कवटाळायला मऊ खेळणं देतात, शेळीचं दूध पाजतात, हळूहळू पाल्याची ओळख करून देतात. तिथं माणसाची घाई कामाची नाही. गारठ्यात पाला पचवणारे पोटातले जिवाणू मंदावले, तर भरल्या पोटीही हा जीव उपासमारीनं जातो.

आमच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी याच हिशेबी जातकुळीतली. पाऊस सरता सरता पेरायची. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती कणीस भरते. उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस आला, चार पैसे आले. त्याला नावं कशाला ठेवायची? पण धरणानं तळ गाठलेल्या साली कळतं, की आळशी स्लॉथ नव्हे. आळशी तो, ज्याला मिळकत बघून खर्च ठरवायचा कंटाळा येतो.