मुलूख-मैदान तोफेपुढें

सोलापुरांत आमच्या वाड्याच्या परसांत नातवानें एक जुनी लेथ आणून बसविली आहे. घरांतील कड्याकोयंडे आणि शेजारच्या शिलाई-यंत्रांचे झिजलेले भाग तो तीवर दुरुस्त करून देई, म्हणून सारें घर त्याजवर प्रसन्न होतें. परंतु गेल्या माघांत त्यानें काढलेला एकबारी रायफलीच्या मागील यंत्राचा नकाशा त्याच्या वडिलांच्या दृष्टीस पडला. चिरंजीव लेथ मोडींत घालावयास निघाले, नातवानें अन्न टाकलें, आणि निवाडा मजकडे आला. मी म्हणालों, "आधीं आम्ही दोघे विजापूर पाहून येतों."

सकाळच्या गाडीनें होटगी मागें टाकून भीमा ओलांडली. दुतर्फा ज्वारीची काढणी चालली होती. वाटेंत मीं त्यास आपल्या भुईकोट किल्ल्याची कथा सांगितली. 1524 च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाचा विजापूरच्या राजकन्येशीं विवाह झाला. त्यांत सोलापूर आंदण द्यावयाचें ठरलें, तें मिळालें नाहीं, आणि दोन्ही राज्यें पुढें कित्येक वर्षें झुंजत राहिलीं. त्या वैराच्या काळांतच, 1549 सालीं, अहमदनगरास मुलूख-मैदान तोफ ओतली गेली. ती परांड्यास होती. तेथून 1632 सालीं विजापुरास आणली.

शेर्झा बुरुजावर चढलों. सुमारें चौदा फूट लांबीची आणि पंचावन्न टन वजनाची म्हणून सांगतात अशी ती काशाची तोफ. मुखाच्या जागीं हत्ती गिळणारें अक्राळविक्राळ श्वापद! नातू तिला प्रदक्षिणा घालून म्हणाला, "आजोबा, हिला मागें दारच नाहीं!"

मर्म तेंच होतें. मागून बंद ओतलेली तोफ पुढून ठासावी लागे. ठासणारा शत्रूच्या माऱ्यांत उभा. मागून भरण्याचे प्रयत्न फार जुने, पण दारूचा जाळ फटींतून उलटे. काडतूस आल्यावर तें साधलें. 1871 सालीं इंग्रजी फौजेनें स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींत तरफ ओढतांच पोलादी ठोकळा खालीं झुके, काडतूस आंत जाई, ठोकळा पुन्हां दार लावी. हें मला नातवानेंच समजावून दिलें.

मीं विचारलें, "तुझ्या हातचें दार फुटलें तर जाळ कोणाच्या तोंडावर येईल?" तो गप्प राहिला. 1959 च्या शस्त्र अधिनियमांत बंदुकीचे सुटे भागहि येतात आणि परवान्यावांचून ते घडविणें गुन्हा आहे, हेंहि सांगितलें. मग तोफेवरील लेख दाखविला. ओतणारा महंमद रूमी. त्याचें नांव तीवर अद्याप आहे. म्हटलें, "बाळ, ज्यावर आपलें नांव उघडपणें कोरतां येत नाहीं, तें काम कारागिरानें हातीं घेऊं नये."

परतीच्या गाडींत तो बोलला नाहीं. मात्र पंधरा दिवसांनीं त्यानें सागवानी लांकडाचा एक नमुना दिवाणखान्यांत आणून ठेवला. नळी नाहीं, लोखंड नाहीं. केवळ तरफ आणि वरखालीं होणारा ठोकळा. खालीं त्याचें नांव कोरलेलें होतें. चिरंजीवांनीं तरफ दोनदां ओढून पाहिली, आणि देवघराचें अडकणारें कुलूप दुरुस्तीस म्हणून मुलाच्या हातीं दिलें.

ज्यांच्या घरीं असा हुन्नरी मुलगा असेल, त्यांनीं त्याचें हत्यार हिरावून घेण्यापूर्वीं एकवार त्यास बरोबर घेऊन विजापूर पाहावें.