मशीन नसलेल्या खोलीत

सातारा,
शुक्रवार

प्रिय सोनू,

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लांबलचक मेसेज वाचला. एवढं उत्तर अंगठ्यानं टाइप करणं माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून सरळ कागद घेतला.

जिल्हा रुग्णालयातली अकरा महिन्यांच्या कराराची जागा घ्यावी की पुण्यातल्या त्या चकचकीत क्लिनिकमध्ये राहावं, असं तू विचारलंस. पण मधेच लिहिलंस, ‘जिल्हा रुग्णालयातलं करंट देणारं आयएफटीचं मशीनसुद्धा बंद आहे, मी करणार काय?’ माझं पत्र आहे ते या प्रश्नासाठी.

आपला फिजिओथेरपीचा व्यवसाय या देशात रुजला तो साथीच्या मागोमाग. मुंबईत पोलिओ आला, मुलांचे पाय लुळे पडले, आणि त्यांना उभं करणारी शिकलेली माणसं नव्हती. म्हणून 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, परळच्या केईएममध्ये फिजिओथेरपीची देशातली पहिली शाळा निघाली. महापालिकेचं रुग्णालय, आजूबाजूला गिरणी कामगारांच्या चाळी. 1955 साली आपली फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली, आणि हाजी अलीची पुनर्वसन संस्थाही त्याच वर्षीची. आम्ही शिकत होतो तेव्हाही ओपीडीच्या बाकावर कॅलिपर घातलेली मुलं ओळीनं बसलेली असायची. नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा रोगी 13 जानेवारी 2011 नंतर देशात सापडला नाही. ते श्रेय लशीचं आणि दारोदार फिरलेल्या बायकांचं, आपलं नव्हे. पण लशीआधी ज्यांचे पाय गेले ती मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत. इतकी वर्षं जादा काम केलेले त्यांचे स्नायू आता पुन्हा दमू लागलेत. अशी माणसं तुझ्याकडे येतील. त्यांच्याकडून दणकून व्यायाम करून घेऊ नकोस. थोडं काम, मग विश्रांती, असं चालव.

आता मशीनचं. लोक येऊन ‘मॅडम, करंट लावा’ म्हणणारच. त्यात त्यांचा काय दोष? आपल्याच लोकांनी वीस-वीस सिटिंगची पॅकेजं विकून त्यांना ती सवय लावली. गुडघेदुखीला शेक आणि करंट तासभर बरा वाटतो. मांडीचे स्नायू बळकट झाले तर बाई जिना चढते. त्याला एक खुर्ची आणि एक वाळूची पिशवी पुरते.

तुझं सगळ्यात मोठं काम मात्र फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर असणार. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आलेला म्हातारा बघ. चार-सहा दिवसांत त्याला घरी सोडतात. घरी मुलगा त्याला लुळ्या हाताला धरून उठवतो, कारण तोच हात खाटेच्या कडेला असतो. महिन्याभरात खांदा निखळायला लागतो, दुखतो, मग म्हातारा कुणाला हातच लावू देत नाही. सून प्रेमानं त्याला आडवाच भरवते आणि अन्न श्वासनलिकेत जातं. कुशीवर कुणी वळवत नाही, पाठीला जखमा होतात. तो पुन्हा रुग्णालयात येतो तो न्यूमोनिया किंवा सडलेली जखम घेऊन. लकव्यानं जेवढं गेलं नव्हतं तेवढं घरात जातं, सोनू. डिस्चार्जच्या आधी अर्धा तास त्या सुनेला खाटेशी उभं कर. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, लुळ्या हाताखाली उशी कुठे ठेवायची, कंबरेला धरून कसं बसवायचं, हे तिच्या हातून करून घे. सांगून भागत नाही. आणि घर कसं आहे ते विचार. पुस्तकातला पेशंट खुर्चीवरून उठतो. आपल्याला त्याला जमिनीवरून उठवायचंय, उकिडवं बसता येतंय का ते पाहायचंय. एसटीनं तो आठवड्यातून तीनदा येईल ही आशा सोड. गावातल्या आशाताईंना दोन गोष्टी शिकवल्यास तर त्या तुझ्यापेक्षा जास्त घरांत पोचतील.

म्हाताऱ्यांचं पडणं हाही असाच प्रकार. खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशनचं बोलतात. म्हातारी न्हाणीत घसरली का, रात्री लघवीला उठली तेव्हा दिवा होता का, हे कुणी विचारत नाही. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड आणि फिजिओथेरपी कागदावर आहेच. तू गेल्यावर तो कागद मागून वाच. खोली, बाक, पट्ट्या मागताना त्यावर बोट ठेवता येतं.

ऊसतोडीचा हंगाम लागला की एखाद्या साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर जाऊन ये. दिवसभर बुडख्याशी वाकून कोयता चालवायचा आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं. ऊस तोडणाऱ्या बाईला ‘वाकू नका, वजन उचलू नका’ असं सांगणारा फिजिओ मला थट्टा करणारा वाटतो. तिनं मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक खाडा झाला तर पैसे कापले जातात. तिला दुपारी करायचे दोन ताण जरूर शिकव. पण मोळी केवढी बांधायची आणि फळी किती उभी लावायची, हे तिच्या हातात नाही. ते ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी बोलायला आपल्यातलं कुणी जात नाही. तुझ्या अभ्यासक्रमात सामाजिक आरोग्याचा पेपर होता ना? तो याच्यासाठी होता.

आपल्या मंडळींचं सांगते. सप्टेंबर 2025 मध्ये आपण नावापुढे ‘डॉ.’ लावू नये असं पत्र दिल्लीहून निघालं, तेही जागतिक फिजिओथेरपी दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, आणि लगेच मागेही घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत आपले सगळे ग्रुप पेटले होते. मान हवा हे मलाही पटतं; वॉर्डात ‘ए मालिशवाली’ अशी हाक मी ऐकलेली आहे. पण त्या वर्षी त्या दिनाचा विषय होता निरोगी वार्धक्य, त्यातही अशक्तपणा आणि पडणं टाळणं, त्यावर त्याच ग्रुपांत किती बोलणं झालं? ग्रामीण रुग्णालयांत कायम पदं भरा म्हणून असं रात्रभर कुणी जागल्याचं मला आठवत नाही. महाराष्ट्रात नोंदणीसाठी कौन्सिल आहे, 2021 चा केंद्राचा कायदाही आला. नोंदणीनं बोगस लोक थोडे आवरतील, पण रिकामी खुर्ची भरणार नाही.

तरीही या मंडळींना धरून राहा. जिल्ह्यात तू एकटीच असशील, आणि एकटं माणूस तीन महिन्यांत शेक देत बसतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या कंत्राटी मुलामुलींना शोध, महिन्यातून एकदा अवघड केस एकमेकांना सांगा. हॉटेलातल्या परिषदांत मशीनवाल्यांचे स्टॉल बघण्यापेक्षा मला त्यातून जास्त मिळालं. माझी अडलेली कितीतरी कामं अशा बैठकीतच सुटली, चहा नि भज्यांवर.

पगाराचं लिहिलंस ते खरं आहे, कमीच आहे, आणि दोन महिने उशिरानंही येईल. तुझ्या आईला ते पटणार नाही. तिला मी फोन करते, तू वाद घालू नकोस. अकरा महिने करून बघ. क्लिनिक कुठे पळून जात नाही.

रुजू होताना कौन्सिलच्या नोंदणीची प्रत दे, मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नकोस. भांडारात जुनी समांतर दांड्यांची जोडी पडलेली असण्याची शक्यता आहे, पहिल्याच आठवड्यात चौकशी कर. आणि सुती साड्याच ने, त्या खोलीत पंखा असेलच असं नाही.

तुझी,
मावशी