साडीचा रंग कोणता?

आमच्या घरात आई-बाबांचा जोडीने काढलेला एकच जुना फोटो आहे, १९५९ च्या जानेवारीतला. बाकीचे फोटो, ट्रंकेतल्या साड्या आणि माझा पाळणा १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा शनिवार पेठेतल्या वाड्यातून मुठामाईने नेले. हा एक साताऱ्याला आजोळी होता म्हणून वाचला. बाबा स्वेटर घालून खुर्चीत बसलेले, आई शेजारी उभी. दोघांचे चेहरे असे, की फोटोग्राफरने पैसे आगाऊ मागितले असावेत.

आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला हा फोटो मोठा करून द्यावा, असे माझ्या मनात आले. भाचा म्हणाला, "मामा, रंगीतच करू की!" त्याने फोटो संगणकाच्या हवाली केला. दहा सेकंदांत आईची साडी निळी, बाबांचा स्वेटर तपकिरी आणि दोघांचे गाल विलायतेहून आल्यासारखे गुलाबी.

"निळी कशावरून?"

"अंदाज आहे त्याचा."

नुसत्या अंदाजावर ठामपणे बोलायला पुण्यात माणसे कमी आहेत, म्हणून आता यंत्र आणायचे?

मग भाच्याने दुसरी युक्ती काढली. सगळा फोटो काळापांढराच ठेवायचा आणि एकाच गोष्टीत रंग भरायचा. तेवढीच साडी उठून दिसते म्हणे. मला ही कल्पना एकदम पसंत पडली. एक तर ती काटकसरीची होती. शिवाय तिला मोठ्यांचा आधार होता. १९६० साली 'मुघल-ए-आझम' आला तो काळापांढरा, पण 'प्यार किया तो डरना क्या'ला शीशमहाल रंगीत. पुढे २००४ साली सगळाच चित्रपट रंगवून काढला, तेव्हा मला उगीचच पंगतीत प्रत्येक पदार्थावर साखर पेरल्यासारखे वाटले. आमच्या प्रभात कंपनीने तर १९३३ साली 'सैरंध्री'ला रंग चढवायला थेट जर्मनी गाठली होती. रंग काही मनासारखा आला नाही. पण ते जर्मनीत. मी घरीच बसणार होतो.

भाच्याने 'गिम्प' नावाचे सॉफ्टवेअर संगणकात घालून दिले. ते फुकट मिळते, हे कळल्यावर माझी शिकण्याची इच्छा बळावली. प्रकार असा, की फोटोवर एक पारदर्शक थर चढवायचा, त्याचा मोड 'कलर' ठेवायचा आणि माऊसने साडीवर रंग फिरवायचा. खालची उजेडसावली तशीच राहते, त्यामुळे निऱ्या निऱ्याच दिसतात. डिस्टेंपर फासल्यासारखे होत नाही. पूर्वी स्टुडिओतले कारागीर हेच काम कापसाच्या बोळ्याने आणि बारीक ब्रशाने करायचे. त्यांचा हात चुकला की फोटो गेला. माझा चुकला की 'अनडू'. पहिल्या संध्याकाळी मी शंभरेक वेळा अनडू केले. आईच्या हनुवटीला तीन वेळा साडीचा रंग लागला.

त्याआधी मी फोटोची साफसफाई केली. ओरखडे पुसले, आणि बाबांच्या डाव्या बाहीवर एक काळपट डाग पसरला होता, तो उजळून दोन्ही बाह्या सारख्या केल्या. त्या डागापायी दोन रात्री गेल्या.

राहिला प्रश्न रंगाचा. काळ्यापांढऱ्या फोटोत लाल आणि हिरवा एकाच करड्यात जाऊन बसतात. फोटोला विचारून उपयोग नव्हता. माणसांना विचारले.

आत्या म्हणाली, "डाळिंबी. मी स्वतः त्या साडीवरून हात फिरवलाय." काका म्हणाले, "मोरपंखी. हिला काय कळतंय, ही तेव्हा शाळेत होती." साताऱ्याहून मावशीचा फोन आला, "जांभळी! आमच्या आईनं दिवाळसणाला दिलेली. तुमच्याकडच्या कुणाला आठवणार नाहीच ती!" तिघांनी परस्परांना फोन केले आणि तीन दिवसांत १९५९ पासूनची सगळी शिल्लक भांडणे निघाली. आईला हे अचानक द्यायचे होते; पण मावशी रडायला लागली तेव्हा नाइलाज झाला. फोटो घेऊन मी आईच्या खोलीत गेलो.

आईने चष्मा लावला. बराच वेळ ती फोटो बघत राहिली.

"साडीला रंग नको देऊस."

"का गं?"

"माझी नाहीये ती. माडीवरच्या वहिनींची. दिवाळसणाची जांभळीच होती रे, मावशीचं खरंय. पण ती मी तुझ्या आत्याला शाळेच्या गॅदरिंगला नेसायला दिली, तिनं त्यावर शाई सांडली. सासरी नवीन मी, काय बोलणार? माहेरी कळलं असतं तर आईला वाईट वाटलं असतं. वहिनींची नेसून फोटो काढला, संध्याकाळी घडी घालून परत दिली." मग जरा थांबून म्हणाली, "आत्याला आता सांगत बसू नकोस. ऐंशीची झाली ती."

मी म्हटले, "मग रंग कशाला देऊ?"

"यांच्या स्वेटरला दे. तो मी विणलाय. लग्नानंतरचं पहिलं काम." तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. "पण ही बाही अशी कशी? डावीला लोकर कमी पडली होती. दुसरी आणली ती गडद निघाली. मी उसवायला बसले तर म्हणाले, राहू दे, फोटोत कुठं दिसतंय! आणि दिसत होतं की फोटोत इतकी वर्षं. आता कुठं गेलं?"

मी काही बोललो नाही. हळूच विचारले, "रंग कोणता होता स्वेटरचा?"

"करडा," आई म्हणाली. "अगदी असाच."

रात्री संगणक उघडला आणि दोन रात्रींची मेहनत एकेक करून मागे घेतली. बाही पुन्हा काळवंडली.

वाढदिवसाला फोटो भिंतीवर लागला. आत्या, काका, मावशी ओळीने उभे राहून बघत होते.

"अरे, रंग भरणार होतास ना?" आत्याने विचारले.

"भरलाय की," आई म्हणाली आणि तिला आणखी एक बर्फी दिली.