फोटो कोणासाठी?

नाताळ जवळ आला की तुम्हीही कोणाला काही ना काही देत असाल. कपडे, फराळ, एखादे पांघरूण. देऊन झाल्यावर सर्वांत आधी काय करता? मी मोबाइल उघडत असे.

भिलाईत डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गारठतात. काही वर्षांपूर्वी महिन्याच्या सुरुवातीलाच आमच्या मंडळीने कॅम्प भागातल्या एका वस्तीत ब्लँकेट वाटले. एका बाईंना ते देताना मी फोटो काढून घेतला. बाईंनी पदर तोंडावर ओढला होता, पण शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा स्पष्ट दिसत होता. फोटो स्टेटसला ठेवून मी खाली प्रभूचे आभारही मानले. मग दिवसभर तो किती जणांनी पाहिला, ते मोजत बसले.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर त्या बाई दारात उभ्या होत्या. हातात तेच ब्लँकेट, नीट घडी घातलेले. फोटो फिरत फिरत मुलाच्या वर्गात पोहोचला होता. मुले त्याला चिडवत होती आणि तो शाळेत जायला तयार नव्हता.

"दीदी, ठंड तो सह लेंगे," एवढेच त्या म्हणाल्या.

मी माफी मागितली, फोटो काढून टाकला. ब्लँकेट मात्र त्यांनी परत घेतले नाही.

डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो की आपली सत्कृत्ये पाहून लोकांनी स्वर्गातील पित्याचे गौरव करावे. थोडे पुढे तोच सांगतो, दानधर्म गुप्तपणे करा. मला हे परस्परविरोधी वाटायचे. त्या दिवशी उमगले: काम दिसले की नाही, हा प्रश्नच नाही, त्यात दिसते कोण, हा प्रश्न आहे. माझ्या फोटोत मीच दिसत होते.

अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. आमचा हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा, 1897 मध्ये, त्यांनी तिथल्या शेकडो निराधार मुलींना आसरा दिला. 'पंडिता' ही पदवी मिळवलेल्या या विदुषीने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. 1922 मध्ये त्या वारल्या. संपूर्ण बायबल छापून आले ते त्यानंतर, 1924 मध्ये. ते हातात घेऊन पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

आता वाटपाला जाताना मी मोबाइल घरी ठेवते. पण खरे सांगू? हे तुम्हाला सांगतानाही मन हळूच म्हणते, बघा, मी किती बदलले! म्हणून दर वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे कोणालाच कळणार नसेल, तरी मी करीन का?

यंदा काही देण्यापूर्वी तुम्हीही विचारून पाहा. उत्तर 'नाही' आले, तरी देणे थांबवू नका. फक्त आधी थोडी प्रार्थना करा.