टाकी फुल्ल केली की ट्रॅक्टर बंद पडायचा

यावेळची नोंद पिकाची नाही, ट्रॅक्टरची आहे. ऊसतोड चालू आहे, बऱ्याच जणांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस ओढतायत, म्हणून लिहितोय.

गेल्या हंगामाआधी मी पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून घेतलं होतं. भरलेल्या दोन ट्रॉल्या चढावर ओढताना गिअर खाली घ्यावा लागायचा. पोरगा मागं लागला, मीही ऐकलं. ओढ वाढली हे खरं. काळा धूरही वाढला, पण त्याकडं कोण बघतंय!

यंदा पंधरा दिवसांमागं पोरगा कारखान्याला निघालेला. ओढ्याजवळच्या चढावर इंजिन ढेपाळलं आणि बंद पडलं. स्टेअरिंग जड झालं, दोन्ही ट्रॉल्या हातभर मागं आल्या. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं उडी मारून चाकाला दगड लावला म्हणून निभावलं. पोरगा घरी येऊन पाणी प्यायला, बाकी काही बोलला नाही.

मिस्त्रींनी फिल्टर बदलले, नोझल टेस्टरवर तपासले, एअर काढली. दोन दिवस बरं चाललं, मग परत तेच. आता म्हणाले पंपच उतरवू. मी म्हटलं, थांबा जरा. बंद पडताना काळा धूर येत नव्हता. धूर ओकत दम गेला असता तर हवा कमी पडतीय असं धरलं असतं. बिनधुराचा दम जातोय म्हणजे डिझेलच पोचत नाही.

त्यात पोरगा म्हणाला, "अण्णा, टाकी फुल्ल करून निघालो की बंद पडतंय. अर्धी असली की नाही." मी आधी त्याला वेड्यात काढलं. डिझेल जास्त असताना कमी कसं पडेल?

ड्रिपच्या सँड फिल्टरला आधी-नंतर गेज असतात, फरक वाढला की आपण बॅकवॉश मारतो. तेच इथं केलं. ड्रिपचं एक जादा गेज होतं. लेथवाल्याकडून निपल करून घेतला, डिझेल फिल्टरच्या पुढं बसवला आणि नळी सीटवरून दिसेल अशी बांधली. उभ्या ट्रॅक्टरला सव्वा किलो. झकास. पण उभ्या ट्रॅक्टरचं रीडिंग काही कामाचं नाही हे ध्यानात ठेवा. टाकी काठोकाठ भरून घरच्याच रानात रोटर लावला. पाव तास झाला नाही तोवर काटा खाली यायला लागला, अर्ध्या किलोच्याही खाली. इंजिन कण्हायला लागलं. मी टाकीचं झाकण सैल केलं तर फुस्स करून हवा आत गेली आणि काटा वर!

झाकण मागच्या वर्षी हरवलं होतं, बाजारातनं दुसरं आणलेलं. त्याला हवेचं भोकच नव्हतं. डिझेल जाईल तेवढी हवा आत यायला पाहिजे. अर्ध्या टाकीत वर भरपूर हवा असते, ती थोडी फुगून भागवते. फुल्ल टाकीत हवाच मूठभर, त्यामुळं लगेच ओढ बसते आणि फीड पंपाला डिझेल खेचता येत नाही. त्यात आपण डिझेल वाढवलेलं, म्हणजे टाकी आणखी लवकर आवळायची. फीड पंपाची बारकी जाळीही निम्मी चिखलानं बुजलेली निघाली. ती मिस्त्रींनी बघितलीच नव्हती, मीही विचारलं नव्हतं.

एक सांगतो. गेज लावायचं ते फक्त फिल्टरकडच्या, कमी दाबाच्या बाजूला. पंपातून नोझलला जाणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या वाटेला जाऊ नका. तिथं शेकड्यानं किलोचा दाब असतो, बारीक फवारासुद्धा कातडीत घुसतो. गळती बघायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा.

नवीन झाकण कंपनीचं आणलं. पंप टेस्ट बेंचवर नेऊन डिझेल पहिल्यासारखं करून घेतलं, सील मारलं. पोरगा थोडा नाराज आहे, चढावर गिअर खाली घ्यावा लागतो. घेऊ दे. बिनभोकाचं झाकण गोठ्यात खिळ्याला टांगलंय, कुणाला बघायचं असेल तर या.